हाफ तिकीट

धानाची कापणी-मळणी सुरू आहे, कोणाला वेळ नाही हे माहीत आहे. पोस्ट मोठी आहे, रात्री जेवणखाण झाल्यावर वाचा.

दिवाळी २०२३ ची गोष्ट. साकोलीहून एकोडीला येणाऱ्या एसटीत मी, वहिनी आणि पुतण्या. कंडक्टरने न विचारताच मशीनमधून तिकिटं काढली. बाईचं हाफ, पोराचं हाफ, माझं फुल. वहिनीचं बरोबर होतं, त्याच वर्षी मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं होतं. पोराचं चुकलं होतं. लेकरांचं हाफ बारा वर्षांपर्यंत, आणि त्याला तेरा पूर्ण होऊन चार महिने झाले होते. मी काही बोललो नाही. खरं सांगतो, चार पैसे वाचले याचंच बरं वाटलं. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. गावात उतरल्यावर हळूच म्हणाला, "काका, मले फुल काढाचं होतं ना."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

हे त्याला विचारून लिहितोय. त्याची एकच अट, नाव नको आणि फोटो नको. गावातल्यांना कळेलच कोण ते, पण कमेंटमध्ये नाव टाकू नका ही विनंती.

तुम्हाला आठवत असेल, २०१५ मध्ये त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला. पाच वर्षांचा होता. अडीच-तीन वर्षं औषधं चालली, बरा झाला, शाळेत जाऊ लागला, आणि २०१८ मध्ये आजार परत आला. मग डॉक्टरांनी सांगितलं की आता नुसत्या औषधाने भागणार नाही, बोन मॅरो ट्रान्सप्लांट करावं लागेल. फेब्रुवारी २०१९ मध्ये ते झालं. कोणतं रुग्णालय ते लिहीत नाही, कारण पुढे मी थोडी तक्रार करणार आहे आणि त्या तक्रारीत आमचाही वाटा आहे.

ट्रान्सप्लांट म्हणजे मोठं ऑपरेशन असेल असं आम्हाला वाटलं होतं. तसं काही नसतं. रक्ताची बाटली लावतात तशीच पिशवी लावतात. आपण धानाचे पऱ्हे टाकतो, बांधीत चिखल करतो, मग रोवणी करतो ना, मला ते तसंच समजलं. बहिणीच्या कमरेच्या हाडातून बीज घेतलं. ती तेव्हा अकरा वर्षांची. सख्ख्या भावंडाचं जुळण्याची शक्यता चारात एक असते, आमचं नशीब की तिचं जुळलं. पण रोवणीच्या आधी जुनं सगळं उपटून जमीन मोकळी करावी लागते. त्यासाठी त्याला तीन दिवस, दिवसातून दोनदा, पूर्ण अंगावर रेडिएशन दिलं. डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत. मग जोराची औषधं, मग पिशवी. अठराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, पेशींनी मूळ धरलं. दादा रुग्णालयाच्या जिन्यात बसून रडला.

आपल्या देशात हे पहिल्यांदा झालं १९८३ मध्ये, मुंबईच्या टाटा मेमोरिअलमध्ये. डॉ. सुरेश अडवाणी यांनी नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाचा मॅरो दिला. डॉ. अडवाणी स्वतः लहानपणच्या पोलिओमुळे व्हीलचेअरवर. त्याला आज चाळीसहून जास्त वर्षं झाली. तेव्हा पोरगं वाचतं की नाही हाच प्रश्न होता. आता कितीतरी पोरं वाचतात, घरी येतात, शाळेत जातात, आणि पुढे त्यांचं काय होतं हे आपल्यासारख्या गावांत कोणी पाहत नाही. मीही पाहिलं नाही.

त्या एसटीच्या दुसऱ्या दिवशी मी घरातली सगळी कागदं काढली. माझं आपले सरकार केंद्र आहे, तुम्हाला माहीत आहे. दिवसभर दुसऱ्यांची कागदं वाचतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, योजनांचे फॉर्म. पुतण्याच्या वेळेस मदतनिधीचे सगळे अर्ज मीच भरले, फाईलचा एकेक कागद माझ्या हाताखालून गेला. त्या फाईलच्या शेवटी सुट्टीच्या कागदावर इंग्रजीत एक ओळ होती. उंची, वजन आणि थायरॉईड दर सहा महिन्यांनी तपासावे, वाढीच्या डॉक्टरांना दाखवावे. साडेचार वर्षं ती ओळ कपाटात पडून होती. मी तिची दोनदा झेरॉक्सही काढली होती, दुसऱ्या कामासाठी.

तक्रार एवढीच की ती ओळ कोणी तोंडाने सांगितली नाही. सांगितलं ते ताप आला तर काय, लसी कोणत्या, बाहेरचं खाऊ नको, गर्दीत नेऊ नको. तेही महत्त्वाचंच होतं. घरी आलो २०२० च्या सुरुवातीला आणि मार्चमध्ये कोरोना. दीड-दोन वर्षं तपासणी फोनवर. रक्ताचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवायचा, ते म्हणायचे सगळं छान आहे. फोनवर उंची कोण मोजणार? आणि रक्त खरंच छान होतं.

मग मी आकडे एका ओळीत लिहिले. ट्रान्सप्लांटच्या वेळी १२४ सेंटीमीटर. शाळेच्या आरोग्य तपासणीच्या एका कार्डावर १३३. पुढच्या वर्षीच्या कार्डावरही १३३, म्हणजे बहुतेक मागचं पाहून उतरवलेलं. त्या दिवशी मी स्वतः दाराच्या चौकटीला उभं करून, डोक्यावर पाटी आडवी ठेवून मोजलं, १३७. पावणेपाच वर्षांत तेरा सेंटीमीटर. या वयातलं निरोगी पोरगं वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढतं. त्याची वाढ वर्षाला तीनही नव्हती. माझा स्वतःचा पोरगा त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, आणि तो याच्या डोक्यावरून पाहत होता. एकाच घरात, एकाच ताटावर. दिसत होतं की सगळ्यांना. आम्ही म्हणायचो, आजारात खाणंपिणं गेलं, भरून निघेल.

नागपुरात लहान मुलांच्या हार्मोनचे डॉक्टर आहेत हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. त्यांनी आधी काहीच तपासलं नाही, आकड्यांचा कागद मागितला. समोर एक तक्ता घेतला. हे तक्ते भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे, २०१५ चे, पाच ते अठरा वर्षांच्या आपल्या मुलांसाठी. पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर यांनी आणि सहकाऱ्यांनी चौदा शहरांतल्या तेहतीस हजारांवर मुलांच्या मापांवरून केलेले. त्यावर त्यांनी एकेक ठिपका मांडला. २०१९ चा ठिपका मधल्या रेषेच्या जरा खाली, अगदी ठीक. मग एकेक रेष सोडत खाली खाली, आणि शेवटचा ठिपका सगळ्यात खालच्या रेषेच्याही खाली. डॉक्टर म्हणाले, पोरगं बुटकं असणं हा आजार नाही, आईबाप बुटके असतील तर पोरगंही असेल. पण आपली रेष सोडून खाली घसरणं हे कधीच नैसर्गिक नाही. कारण शोधायलाच हवं.

कारणं त्यांनी समजावली ती माझ्या भाषेत सांगतो. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी पियूषिका ग्रंथी असते, वाढीचं हार्मोन तिथून येतं. पूर्ण अंगाच्या रेडिएशनमध्ये तीही सापडते. लगेच बंद पडत नाही, वर्षावर्षाने तिचं काम कमी होत जातं, म्हणून सुरुवातीला कळत नाही. गळ्यातली थायरॉईड ग्रंथीही तशीच थकते. हाडांच्या टोकाला वाढीची पट्टी असते, तिला थेट मार बसतो. पाठीच्या कण्यात एकावर एक किती मणके आणि प्रत्येकाला वाढीची जागा, म्हणून अशा मुलांचे पाय त्यामानाने लांब आणि धड आखूड राहतं. बसल्यावर जास्त बुटका दिसतो. एसटीत तो बसलेलाच होता! वरून नवीन पेशी अंगाशी भांडू नयेत म्हणून त्याला आठ-नऊ महिने स्टेरॉईड होतं, त्यानेही वाढ अडते. वय जितकं कमी तितका तोटा जास्त, कारण वाढायचं बाकी असतं.

मग रेडिएशन दिलंच कशाला, असा प्रश्न दादाने विचारला. थोडा रागातच. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. रेडिएशन टाळून फक्त औषधांवर भागतं का हे पाहायला अनेक देशांनी मिळून अभ्यास केला, २०२१ मध्ये तो छापून आला. याच कॅन्सरची, चार वर्षांवरची मुलं. दोन वर्षांनी रेडिएशनवाल्या गटात शंभरातली एक्क्याण्णव जिवंत, औषधवाल्या गटात पंचाहत्तर. फरक इतका होता की मुलांना दोन गटांत वाटणं मध्येच थांबवावं लागलं. दादा पुढे काही बोलला नाही. संमतीच्या कागदावर "वाढीवर परिणाम होऊ शकतो" असं लिहिलेलं होतंच, सही त्याचीच होती. त्या दिवशी त्याच्यापुढे जे काही ठेवलं असतं त्यावर त्याने सही केली असती. मीही केली असती.

तपासण्या झाल्या. थायरॉईड कमी निघालं, ती गोळी लगेच सुरू. सकाळी उपाशीपोटी एक, स्वस्त आहे. डाव्या हाताचा एक्स-रे काढला, त्यावरून हाडाचं वय कळतं. तेरा वर्षांच्या पोराचं हाड अकरा वर्षांचं. मला वाईट वाटलं तर डॉक्टर म्हणाले, उलट चांगलं आहे, दार अजून उघडं आहे. वयात येणं पूर्ण झालं की हाडांच्या पट्ट्या भरून येतात. त्यानंतर जगातलं कोणतंही इंजेक्शन एक सेंटीमीटर वाढवत नाही. ही गोष्ट मला पहिल्यांदा तिथे कळली आणि घाम फुटला. आणखी दोन वर्षं हाफ तिकिटात खूश राहिलो असतो तर?

मग एक गोळी देऊन दर अर्ध्या तासाने रक्त घेतात ती तपासणी. वाढीचं हार्मोन फारच कमी. आणि तरीही लगेच इंजेक्शन दिलं नाही. आधी ट्रान्सप्लांटवाल्या डॉक्टरांना पत्र गेलं, त्यांनी लिहून दिलं की आजार पूर्ण शांत आहे, हरकत नाही. या इंजेक्शनमुळे रक्ताचा कॅन्सर उलटतो असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही, पण ज्याच्या अंगात कॅन्सर होऊन गेला त्याला घाईने वाढीचं औषध कोणी देत नाही. जून २०२४ मध्ये सुरू झालं.

घरात मात्र भांडण. आजी म्हणाली, "जीव वाचला ना बापा, उंचीले काय चाटाचं आहे? तुह्या आजोबाची तरी कोनती होती?" तिचं चुकत नव्हतं. ट्रान्सप्लांटचं कर्ज अजून डोक्यावर, आणि हे इंजेक्शन त्याच्या वजनाच्या हिशेबाने महिन्याला पंधरा हजारांच्या वर. रोज रात्री एक, काही वर्षं. दादाची शेती अडीच एकर. बहीण बारावीत, तिचंही शिक्षण आहे, आणि मॅरो तिनेच दिला होता हे कोणी विसरू शकत नाही. मीसुद्धा एकदा म्हणून गेलो की बुटकी माणसं जगात काय कमी आहेत. तेव्हा पोरगं बोललं. म्हणालं, "मी बुटका रायलो तं चालते काका. पन मले सगळे आजारी म्हनते, ते नाई चालत. पाचवीतले पोट्टे मले अबे-काबे करते."

आणखी एक गोष्ट होती, ती तो बोलला नाही पण मला माहीत होती. सकाळी रोडवर पोलीस भरतीची पोरं धावतात ना, हाही त्यांच्या मागे धावायचा. पोलीस भरतीला मुलाची उंची १६५ लागते. डॉक्टरांनी सांगितलेला हिशेब मी घरी येऊन मांडला होता. बापाची उंची १६८, आईची १५२, बेरजेत १३ मिळवायचे आणि निम्मं करायचं, मुलाची अंदाजे उंची निघते. १६६.५. आजार झाला नसता तर दीड सेंटीमीटरने बसला असता. तो कागद मी फाडून टाकला. त्याने नंतर फोनवर शोधून स्वतःच तो हिशेब केला, आणि आता तो भरतीचं नाव काढत नाही. संगणकाचं काहीतरी करीन म्हणतो. माझ्या केंद्रावर बसतो संध्याकाळी, माझ्याहून टायपिंग वेगाने करतो.

मोहल्ल्यातल्या एकाने दादाला घाबरवलं की हे औषध मेलेल्या माणसाच्या मेंदूतून काढतात. मी हसणार होतो, मग शोधलं तर निघालं की एकेकाळी खरंच तसं होतं. परदेशात मृतांच्या ग्रंथीतून काढायचे आणि त्यातून काही मुलांना मेंदूचा जीवघेणा रोग झाला. १९८५ मध्ये ते बंद केलं आणि त्याच वर्षापासून प्रयोगशाळेत तयार केलेलं आलं. आता मिळतं ते हेच. औषध फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, आणि उन्हाळ्यात लाईन गेली की वहिनी थर्मासमध्ये बर्फ घेऊन धावते. एकदा रात्रभर लाईन नव्हती, अर्धी कुपी फेकावी लागली. बाकी सुई तो स्वतःच टोचून घेतो, मांडीत.

फळ काय? चमत्कार नाही. ज्या मुलांना नुसती हार्मोनची कमी असते ती पहिल्या वर्षी भराभर वाढतात, पण रेडिएशन घेतलेलं हाड तेवढं साथ देत नाही हे आधीच सांगितलं होतं. जून २०२४ ला १३९ होता. जून २०२५ ला १४४.५. परवा १४६. म्हणजे आता वर्षाला पाचाच्या वर. धड आखूड आहे ते तसंच राहणार. दाढांची मुळं आखूड राहिलीत, दातांच्या डॉक्टरांनी दाखवलं. मोठेपणी मूल होण्याचा प्रश्न आहे, तो त्याला डॉक्टरांनी एकट्याला बसवून समजावला, आम्हाला बाहेर काढलं, ते मला आवडलं. मुलगी असती तर वयात येण्यासाठीच हार्मोनच्या गोळ्या लागण्याची शक्यता खूप. म्हणून मुलींच्या आईबापांनी तर अजिबात वाट पाहू नये.

आता गावाशी संबंधित बोलतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, तोही आपल्या महाराष्ट्रातून, पालघरहून. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा डॉक्टरांची टीम येते, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासते. गाडी येते, उंची मोजतात, वजन घेतात, कार्ड भरतात. काम चांगलं आहे, माणसंही चांगली आहेत. पण एका दिवसात किती पोरं! आणि उंचीचा एक आकडा एकटा काहीच सांगत नाही. १३३ म्हणजे काय? मागच्या वर्षीही १३३ होते हे शेजारी लिहिलेलं असेल तरच तो आकडा ओरडतो. आमच्या पोराची कार्डं वेगवेगळी, वर्ग बदलला की जुनं कार्ड कुठे गेलं पत्ता नाही. मी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मागणी केली आहे की प्रत्येक मुलाची पहिलीपासूनची उंची एकाच पानावर असावी आणि ज्याची वर्षात चार सेंटीमीटरही वाढली नाही त्याचं नाव टीमला वेगळं दाखवावं. एक रजिस्टर आणि भिंतीवर नीट लावलेली पट्टी, खर्च तो किती? पुढच्या बैठकीत विषय येणार आहे, पालकांनी या. मागच्या वेळी आम्ही पाच जण होतो.

हे फक्त आमच्या घरापुरतं नाही. आपल्या भंडारा-गोंदियात सिकलसेलची मुलं किती आहेत तुम्ही जाणता. त्यातल्या काहींचं पुढे ट्रान्सप्लांट होईल, थॅलेसेमियाच्या मुलांचं होतंच आहे. त्यांना बहुतेक पूर्ण अंगाचं रेडिएशन देत नाहीत, पण जोराची औषधं असतातच, आणि ती मुलं मुळातच वाढीला मागे असतात. त्यांचीही उंची कोणीतरी लिहून ठेवायला हवी.

मुंबईत टाटा मेमोरिअलला १९९१ पासून उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळं क्लिनिक आहे, डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी सुरू केलेलं. बरं झाल्यावर पुढे काय काय होतं ते तिथे वर्षानुवर्षं पाहतात. बरी झालेली मुलं मोठी होऊन एकमेकांना धरून राहावीत म्हणून २००९ पासून इंडियन कॅन्सर सोसायटीचा 'उगम' नावाचा गट आहे. पुतण्याला मी त्याबद्दल सांगितलं. म्हणाला, "तिथं सगळे माह्यासारखेच असतीन का?" अजून फोन लावला नाही त्याने. लावेल तेव्हा लावेल.

माझ्या केंद्राच्या दाराला आतल्या बाजूने मी उंचीची पट्टी लावली आहे, गवंड्याकडून ओळंबा लावून सरळ केली. कोणाच्या घरी कॅन्सरमधून किंवा ट्रान्सप्लांटमधून उठलेलं लेकरू असेल, एकोडीतलं असो की आजूबाजूच्या गावचं, त्याला घेऊन या. चप्पल काढून, सकाळच्या वेळी आणा. शाळेची जुनी कार्डं असतील ती आणा आणि रुग्णालयाची फाईल पूर्ण आणा, शेवटच्या पानासकट. आकडे एका ओळीत लिहून देतो आणि इंग्रजीतलं काय लिहिलंय ते वाचून सांगतो. झेरॉक्सचे पैसे घेणार नाही. रविवारी सकाळी आठ ते दहा पुतण्याच बसलेला असतो, मोजायला तोच.